झाकलेली परडी

पूर्वी कुसुमवती नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वेळूवर कसरत करणाऱ्या नटांच्या कुळात जन्मला होता. तरुणपणी तो उंच वेळूच्या टोकावर अशा कोलांट्या घेई, की खालची माणसे श्वास घ्यायला विसरत. पुढे पडून पाय अधू झाला, तेव्हा राजाने त्याला परीक्षक नेमले.

दर वसंतात नगरात मुलींची वेळूवरच्या कसरतींची स्पर्धा होई. पहिली येईल तिला राजाच्या नटसंघात जागा मिळे. मुलगी खाली उतरली, की तिची परडी पाच परीक्षकांपुढून फिरे. परडीवर लाल वस्त्र असे. त्याखाली हात घालून प्रत्येकाने एकापासून दहापर्यंत कमळबिया टाकायच्या. कोणी किती टाकल्या हे कळू नये, म्हणजे भांडण नको, असा जुना रिवाज. पाचही हात पडले नाहीत, तर ती परडी मोजत नसत.

त्या वर्षी बोधिसत्त्वाची नात वेणुका स्पर्धेत होती. तिला त्यानेच शिकवले होते. वर्षभर वेळू धरून तिच्या तळहातांची सालटी निघाली होती.

स्पर्धेच्या सकाळी मुख्य परीक्षक पिंगलक त्याच्याकडे आला. त्याचा स्वतःचा आखाडा होता आणि अकरा मुलींपैकी चार त्याच्या शिष्या होत्या.

“तुम्ही माझ्या पोरींना दहा टाका, मी तुमच्या नातीला दहा टाकतो. वस्त्राखाली कोण बघतंय?”

“मी बघतोय की,” बोधिसत्त्व म्हणाला.

“मोठे आलात! मग नातीला किती टाकणार, ते तरी सांगा.”

पिंगलक हसत निघून गेला, पण तो प्रश्न मागेच राहिला.

स्पर्धेत पहिली चढली ती कुंभाराची सोमा. तिला कोणी आचार्य नव्हता. टोकावर तिने तीन कोलांट्या घेतल्या आणि वेळू जरासुद्धा हलला नाही. बोधिसत्त्वाने दहा बिया टाकल्या. पण परडी मोजली तेव्हा पन्नासांपैकी तेवीसच निघाल्या.

सोमा त्याच्यापाशी आली. “आजोबा, माझं कुठं चुकलं?”

तेवढ्यात वेणुकेचे नाव पुकारले. बोधिसत्त्व काठी टेकत उभा राहिला.

“महाराज, ही पोर माझ्या घरची. मी हिचा परीक्षक नाही.”

राजाच्या कपाळाला आठी पडली. “आसन सोडलंस तर पुन्हा मिळणार नाही. आणि चारच हात पडले, तर तिची परडी मोजणार नाही.”

बोधिसत्त्वाने नातीकडे पाहिले.

“उठा आजोबा,” वेणुका म्हणाली. “मोजू देत, नाहीतर नको मोजू देत. मी चढणारच.”

आणि ती चढली. ती खाली उतरली तेव्हा बोधिसत्त्वाने तिची रिकामी परडी सर्वांदेखत पालथी घातली आणि लाल वस्त्र मातीत टाकले.

“यातली एक जरी मुलगी ज्यानं शिकवली असेल, त्यानं उठावं!”

कोणी उठले नाही. पिंगलक म्हणाला, “मग परीक्षा कोण घेणार? तुमची काठी?”

लोक हसले. सोमा मात्र हसली नाही. ती गेली आणि वेळूच्या बुंध्याशी मांडी घालून बसली. शेजारी वेणुका बसली. मग एकेक करत सगळ्या बसल्या. शेवटी पिंगलकाची सर्वांत आवडती शिष्याही जाऊन बसली.

“अगं, तू तरी ऊठ!” पिंगलक ओरडला.

“आचार्य,” ती म्हणाली, “आधी तुम्ही उठा.”

आता कोणी हसले नाही. राजाने मान खाली घातली. थोड्या वेळाने पिंगलक उठला, त्यामागून आणखी दोघे उठले. आसनावर एकटा म्हातारा मृदंगवादक राहिला. त्याने कधी कोणाला शिकवले नव्हते. राजाने त्याच्याजवळ शिष्य नसलेल्या दोन वृद्ध नटी बसवल्या आणि उघड्या परडीने स्पर्धा पुन्हा घेतली. सोमा पहिली आली, वेणुका तिसरी.

घरी जाताना वेणुका म्हणाली, “शेवटच्या कोलांटीत माझा गुडघा वाकला. तुम्हाला दिसलं?”

“दिसलं.”

“तुम्ही असतात तर किती टाकल्या असत्या?”

“दहा,” बोधिसत्त्व म्हणाला. “म्हणून तर उठलो, पोरी.”

ही कथा सांगून शास्ता भिक्खूंना म्हणाले, “भिक्षा वाटताना आपल्याच शिष्यांच्या पात्रात आधी वाढणारा हा थेर, हा ज्येष्ठ भिक्खू, तेव्हा पिंगलक होता. काल त्याला सर्वांसमोर अडवणारी तरुण भिक्खुणी वेणुका होती आणि आसन सोडणारा परीक्षक मीच होतो. आपल्या मायेला ओळखून तिच्यापासून न्याय दूर ठेवणे, हीच उपेक्षा पारमी, म्हणजे समभावाची पूर्णता होय.”

तो थेर उठला आणि त्याने वाढायची पळी त्या भिक्खुणीच्या हाती दिली.