साहेबांपेक्षा खाली

वलंदेजांचा, म्हणजे डचांचा, गव्हर्नर क्लोपमान वेंगुर्ल्याच्या वखारीत उतरला आणि पहिल्याच मेजवानीत छाती फुगवून म्हणाला, "आमचा मुलुख समुद्राहून खाली आहे. बांध घालून आम्ही दर्या थोपवलाय." दुभाष्यानं ही फुशारकी गावभर केली.

दुसऱ्या दिवशी साहेब वखारीच्या अंगणात मुजरे घेत बसला होता. तेवढ्यात शेजारच्या माडीवर पापड वाळत घालणारी भिवाक्का त्याला दिसली, तीही पाठमोरी. साहेबाचं माथं भडकलं. गव्हर्नरापेक्षा उंच कोणी राहायचं नाही, माडी पाडा, असा हुकूम सुटला.

भिवाक्का पदर खोचून वखारीत आली.

"माडी पाडते, साहेब. पण तेवढ्यानं भागायचं नाही. तुमच्या मुलुखातलं तुमचं घर समुद्राच्याही खाली. तुमच्यापेक्षा उंच राहायचं नाही म्हटलं, तर अख्ख्या वेंगुर्ल्याला दर्यात बुडी मारावी लागेल. मग तुम्हाला मुजरा कोण करणार?"

हे सांगताना दुभाष्याला दोनदा खोकला आला.

सकाळी माडी जागच्या जागी होती, पापडही. साहेबाची खुर्ची तेवढी माडीकडे पाठ करून मांडली होती.