गुरुजींची टोपली

एकदा एका गुरुजींनी आपल्या शिष्येला एक नियम सांगितला आणि वर बजावलं, की याचं कारण मात्र कधी विचारायचं नाही. नियम असा, की बाजाराला तीन प्रदक्षिणा पूर्ण झाल्याशिवाय कोणत्याही जिनसाला हात लावायचा नाही.

"आमच्या गुरूंनी आम्हाला सांगितलं, आम्ही तुला सांगतो," गुरुजी म्हणाले. "एवढं पुरे आहे."

शिष्येचं नाव ऋजुता. पदवी घेऊन ती गुरुजींकडे संस्कृत शिकायला आली होती. गुरुजी दर उन्हाळ्याच्या सुट्टीत पंचवीस मुलांचा निवासी वर्ग चालवत. त्या वर्षी मुलांच्या जेवणाची जबाबदारी त्यांनी ऋजुताला 'शिक्षणाचा भाग' म्हणून दिली. शिक्षणाचा हा भाग चुलीपाशी सुरू होऊन चुलीपाशीच संपतो, हे तिच्या दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं.

दर रविवारी गावाबाहेरच्या मैदानात शेतकऱ्यांचा बाजार भरे. पहिल्या रविवारी गुरुजी तिला घेऊन निघाले. सोबत त्यांचे दोन स्नेही, निवृत्त मामलेदार आणि वैद्यबुवा. ऋजुताच्या हातात चार रिकाम्या पिशव्या.

पहिल्या फेरीत आंब्यांची रास कमरेइतकी उंच होती. काकड्यांवर अजून दव होतं. गुरुजी वाटेत भेटलेल्या प्रत्येकाची विचारपूस करत सावकाश चालले होते. दुसऱ्या फेरीत रास गुडघ्यापर्यंत आली. तिसऱ्या फेरीत आंब्यांच्या जागी फक्त गवत उरलं होतं आणि ते एक शेळी खात होती.

तेवढ्यात हौसाबाई नावाच्या भाजीवालीने मागच्या बाजूची एक टोपली पुढे सरकवली. "या बाबा. तुमच्यासाठी ठेवलीया." टोपलीत थोराड दुधी, जून गवार आणि भोकं पडलेली वांगी होती.

गुरुजींचा चेहरा उजळला. "पाहिलंस, ऋजुता? जो हपापत नाही, त्याच्यासाठी सृष्टी आपण होऊन राखून ठेवते."

"किडकी वांगीसुद्धा?"

"अळीलाही आसरा देतं ते वांगं," वैद्यबुवा म्हणाले. "औदार्य बघ त्याचं."

मग आठवडाभर मुलांनी ते औदार्य खाल्लं. सोमवारी दुधीची भाजी, मंगळवारी दुधीचं थालीपीठ, बुधवारी पुन्हा भाजी. गुरुवारी ऋजुताने दुधीचा हलवा केला. मुलांनी एक घास खाल्ला आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू फितुरी झाली आहे. शुक्रवारी आठ वर्षांच्या एका मुलीने घरी पत्र लिहिलं, 'इथे सगळे छान आहे. श्लोक पाठ झाले. मला लगेच न्यायला ये.' संध्याकाळपर्यंत बाकीच्यांनी ते पत्र उतरवून घेतलं. शुद्धलेखनाच्या चुकांसकट पंचवीस पत्रं ऋजुताच्या हातात आली. ती टपालात पडली असती, तर गुरुजींचा चाळीस वर्षांचा वर्ग सोमवारी रिकामा झाला असता.

"रविवारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "रविवारी आमरस."

"शप्पथ?"

"शप्पथ. नाहीतर मी स्वतः पत्रं टाकून येते."

दुसऱ्या रविवारी पहिली फेरी संपता संपता आंब्यांची रास कमरेखाली उतरली होती. गुरुजी एका ओळखीच्या माणसाला संयमाविषयी सांगत उभे राहिले. ऋजुता मागे रेंगाळली ती नेमकी हौसाबाईंच्या पालाशी. एक गिऱ्हाईक नाकारलेली वांगी फेकून निघून गेलं होतं. हौसाबाईंची सून ती उकिरड्याकडे न्यायला उठली.

"अगं, टाकू नगंस! गुरुजींचा माल हाय त्यो."

"गुरुजींचा माल म्हणजे काय हो?" ऋजुताने विचारलं.

"उरलासुरला गं. आख्खा बाजार तसंच म्हणतो आता." हौसाबाई तिला न ओळखताच हसल्या. "एक म्हातारबाबा येत्यात. तीन फेऱ्या मारत्यात, मग जे दिऊ ते हात जोडून घेत्यात. लई भला माणूस. त्यांच्यामुळं आमचं कायबी वाया जात न्हाई."

"पण तीन फेऱ्या कशाला?"

"माझी सासू सांगायची, आधी बैलगाड्यांनी माल यायचा. शेवटची गाडी यीस्तोवर ऊन चढायचं. पयल्या फेरीला अर्धा बाजारच भरलेला नसायचा, म्हणून जाणती माणसं तीन-तीनदा फिरायची. आता टेंपो उजाडायच्या आत येतो. हितं दोन तासांत सारं खलास!"

ऋजुता सरळ आंब्यांच्या राशीकडे गेली. दोन पेट्या पिकलेले आंबे, कोवळ्या काकड्या, कैऱ्या, शेवग्याच्या शेंगा.

"ऋजुता!" मैदानाच्या पलीकडून गुरुजींचा आवाज आला. "एकच फेरी झाली आहे!"

"बाजारही एकाच फेरीपुरता उरलाय, गुरुजी!"

परत येऊन तिने हौसाबाईंकडची 'गुरुजींच्या माला'ची टोपलीसुद्धा उचलली, आणि सारं सामान रिक्षात घालून ती निघाली. गुरुजी, मामलेदार आणि वैद्यबुवा यांनी भर उन्हात उरलेल्या दोन फेऱ्या पूर्ण केल्या. नियम तो नियम.

दुपारी दोन पंगती बसल्या. मुलांच्या पानात पुऱ्या, काकडीची कोशिंबीर आणि काठोकाठ भरलेल्या वाट्यांत आमरस. समोरच्या पंगतीत तिघा वडीलधाऱ्यांच्या पानात दुधी, जून गवार आणि वांगं.

तिघांनी पानाकडे पाहिलं. मग मुलांच्या वाट्यांकडे.

"रस वाढायचा राहिला, पोरी," मामलेदार सौम्यपणे म्हणाले.

"राहिला नाही. तो पहिल्या फेरीचा आहे. तुम्ही त्याला हात कसा लावाल?"

वैद्यबुवांना ठसका लागला. गुरुजींनी पाण्याचा गडू त्यांच्याकडे सरकवला आणि गंभीरपणे विचारलं, "या कृतीचा अर्थ काय?"

तेव्हा ऋजुता ताक वाढायचं पातेलं खाली ठेवून म्हणाली, "गुरुजी, तुमच्यापुढे जी टोपली येते, ती सृष्टी राखून ठेवत नाही. गिऱ्हाइकांनी टाकलेलं त्यात असतं. बाजारात उरल्यासुरल्या भाजीला 'गुरुजींचा माल' म्हणतात. फेऱ्यांना कारण होतं. गाड्या उशिरा यायच्या, म्हणून लोक थांबायचे. त्यांना चांगला माल हवा होता. तुमच्या गुरूंनी तुम्हाला फेऱ्या दिल्या आणि कारण द्यायचं विसरले. तुम्ही विचारलंही नाहीत. आणि संयम तुमचा असतो, पण दुधी मुलं खातात." एवढं बोलून तिने पंचवीस पत्रं त्यांच्या पानाशेजारी ठेवली.

गुरुजींनी पहिलं पत्र वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्यातही तीच चूक पाहून ते थांबले. पानातलं वांगं त्यांनी बोटाने उलटवलं. त्याला खालच्या अंगालाही भोक होतं.

"बरं," ते म्हणाले. "रविवारी आंबे आधी घे. पण माझ्या गुरूंच्या शब्दासाठी तरी, नंतर तीन फेऱ्या घालशील ना?"

"नाही."

मामलेदारांनी दुधीची फोड पानाच्या कडेला सारली. वैद्यबुवा गवारीचा दोर दातांतून ओढत राहिले. मुलांच्या पंगतीतून रस भुरकल्याचे आवाज येत होते. गुरुजींनी आपली रिकामी वाटी हळूच चार बोटं पुढे सरकवली.