परीच्या कमरेची बांगडी

ऐका हं, बाळांनो. एक घर होतं. घराला दार होतं, पण त्या दारात हसून कुणी उभं राहत नव्हतं. तिथे एक इवलीशी मुलगी राहायची, सगुणा तिचं नाव. तिचे बाबा विहीर खणायला गेले आणि दरडीखाली सापडले, ते गेलेच. तेव्हापासून आई अंथरुणाला खिळली. अन्नाला शिवेना, कुणाशी बोलेना. शेजारणी ताट आणून ठेवायच्या, ते तसंच परत जायचं. आता हीसुद्धा हातची जाणार, असं त्या अंगणात कुजबुजायच्या, आणि पोरीला सगळं ऐकू यायचं की हो.

बाबांचा फोन तेवढा मागे राहिला होता. त्यात परीच्या बागेचा एक खेळ होता. सुरुवातीलाच लिहिलं होतं, जो परीला सोडवील त्याची एक इच्छा पुरी होईल. मोठी माणसं वाचून हसली असती. सगुणा हसली नाही. आई उठायला हवी, एवढंच तिला हवं होतं.

मग काय, उंबऱ्यात बसून ती खेळू लागली. काय ती बाग! डाळिंबी फुलं, मोरपंखी पानं, दवाचे चिमुकले चमचमते मणी. सारखी फुलं जुळवली की कुलूप उघडायचं, आणि चुकलं की एक झाड काळं पडायचं. सगुणा पुष्कळदा चुकली. शेवटचं दार उघडलं तेव्हा बागेत ओंजळभरच हिरवळ उरली होती.

तिथे परी होती, अंगठ्याएवढी. तिच्या कमरेत हिरव्या काचेची बांगडी रुतून बसली होती. बिचारीला श्वास घेववत नव्हता.

"एकच शब्द बोल," परी कण्हत म्हणाली. "इथे शब्द म्हणजे शब्द. बोलशील तेच घडेल."

सगुणाच्या ओठांवर शब्द आला आणि ती थबकली. फोड! बाबा गेले त्या दिवशी बायकांनी आईचे बांगड्यांचे हात दगडावर धरले, तेव्हा हाच शब्द उच्चारला होता. एरवी बांगडी पिचली तर आईच दटावायची, फुटली म्हणू नये गं, वाढली म्हणावं. सगुणाच्या मनात फोडायचंच होतं, पण तो मेला शब्द काही तिच्या तोंडातून निघेना. ती हळूच म्हणाली, "वाढव."

आता बागेला कुठली आपली बोलायची रीत ठाऊक! बांगडी खरंच वाढली. वाढता वाढता बैलगाडीच्या चाकाएवढी झाली आणि परीच्या पायाशी गळून पडली. परीने पोटभर श्वास घेतला. आधी आलेले सगळे फोड म्हणाले होते. बांगडी फुटायची की लगेच नवी कमरेत आवळून बसायची, आणि त्या फुटक्या काचा तिच्या रुपेरी पंखांत अजून रुतलेल्या होत्या.

"माग, बाळ," परी म्हणाली. "पण आधी तिकडे बघ."

झाडाआड बाबा उभे होते. डोक्याला मुंडासं, पाय चिखलाने माखलेले. बाबांना मागितलंस तर ते असेच फोनच्या काचेआड राहतील, हवं तेव्हा दिसतील, परीने समजावलं. नाहीतर आई उठेल. पण मग ही बाग पुन्हा कधीच उघडणार नाही, बाबाही दिसणार नाहीत.

सगुणाला रडू कोसळलं. तिला बाबा हवे होते, फार हवे होते. डोळे पुसून पुसून तिने त्यांना पाहून घेतलं. मग शब्द चुकू नये म्हणून सावकाश म्हणाली, "परीताई, माझी आई उठू दे."

गुलाबी, केशरी, मग नुसता पांढराशुभ्र उजेड झाला. त्यात बाबा विरले, परी विरली आणि फोन कायमचा काळा पडला. सगुणा गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देत राहिली.

आतून कुणीतरी खाकरलं.

"सगू, जेवलीस का गं?"

"नाही," सगुणा म्हणाली.

"मीही नाही," आई म्हणाली, आणि खांबाला धरून उठली.