कोंसूबायचा रहाट

ऐका. ही गोष्ट त्या काळातली, जेव्हा खारोळीत विजेचा खांब पोचला नव्हता आणि केळीला पाणी मिळायचं ते रहाटाचं. खारोळी म्हणजे वसईकडचं किरिस्तावांचं गाव. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे केळीच्या, पानवेलीच्या वाड्या. वाडीत विहीर, विहिरीवर लाकडी रहाट, रहाटाला मातीच्या गाडग्यांची माळ. डोळ्यांना झापड बांधलेला बैल गोल फिरायचा, गाडगी भरून वर यायची आणि पाटात रिकामी व्हायची. तांबडं फुटल्यापासून दिवस मावळेपर्यंत गावभर करकर चालायची. नवा पाहुणा कानांत बोटं घालायचा. गावाला मात्र ती करकर ऐकूच यायची नाही. थांबली की तेवढी कळायची.

आणि थांबायची ती मयताला. ज्या घरात माणूस गेलं त्या घरचा रहाट आधी थांबायचा. मग देवळाची, म्हणजे गावच्या चर्चची, घंटा व्हायची, मोठ्या माणसाला मोठी, लेकराला लहान. घंटा ऐकली की सगळ्यांनी आपापला बैल सोडायचा आणि मूठमाती होईपर्यंत पाणी उपसायचं नाही. घंटेनंतर उपसलेलं पाणी मेलेल्याच्या वाट्याचं, ते पिकाला घातलं तर वाडी जळते, असं मानायचे. हे न मानणारा माणूस गावात नव्हता.

घंटा असायची बस्त्यावकडे. माणूस लाखात एक, पण घाई फार. मयताचा निरोप कुणी घेऊन येईपर्यंत त्याला धीर निघायचा नाही. देवळाच्या वरच्या खिडकीत बसून तो कान लावायचा. प्रत्येक रहाटाचा आवाज त्याला ओळखू यायचा आणि ज्या घरी दुखणं आहे तिथला रहाट भरदिवसा बंद पडला की याचा हात दोरीवर. आजवर एकदाही चुकला नव्हता, म्हणून पाद्रीसुद्धा त्याला काही बोलत नसत. न चुकणाऱ्या माणसाला सांगणार तरी कोण आणि काय?

आता कोंसूबाय. गावाच्या टोकाला तिची वाडी. नवरा होडी उलटून गेला तेव्हा पोर पाळण्यात होतं. पाळणा तिनं रहाटाशेजारच्या आंब्याला बांधला आणि बैल हाकायला लागली. पोराचं नाव इनास. तो त्या करकरीतच निजायचा, त्या करकरीतच उठायचा. आणि कोंसूची प्रार्थनाही रहाटावरच व्हायची. एक गाडगं वर आलं की एक नमो मारिया. मधेमधे देवाशी गप्पा. केळीचं पान करपलं तरी देवाला सांगायची, शेजारीण भांडली तरी सांगायची, कालवण खारट झालं तरी सांगायची. लोक हसायचे. म्हणायचे, हिचं ऐकून ऐकून देव एक दिवस बहिरा होईल.

इनास पाच-सहा वर्षांचा झाला होता तेव्हा हे घडलं. सकाळी पोर अंगणात भाकरी खात बसलं होतं. अर्धी भाकरी हातात तशीच राहिली आणि ते आडवं झालं. ताप नाही, उलटी नाही, कुठं दंश नाही. हाक मारली तर ओ नाही. कोंसूनं त्याला उचलून खांद्यावर टाकलं आणि वैद्याकडे धावली. वैद्यानं जीभ पाहिली, डोळे पाहिले, नाडी किती तरी वेळ धरून ठेवली.

"बाय, हे माझ्या पोथीत नाही," तो म्हणाला. "जीव आहे. पण कुठं लांब जाऊन बसलाय."

पाद्री खाडीपलीकडच्या गावी गेलेले. शेजारणी म्हणाल्या, भगताकडे ने, तो बाहेरचं ओळखतो. कोंसू म्हणाली, "ज्याच्याशी जन्मभर बोलले त्याला सोडून आज अनोळखी दारी जाऊ? वैद्याचं झालं. आता मी आणि देव काय ते बघून घेऊ."

तिनं आंब्याखाली चटई टाकली, पोराला निजवलं आणि बैल जोडला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आई असून पोराच्या उशाशी बसायचं सोडून ही केळीला पाणी पाजते, हे कुणाला पटेना. पण कोंसूला बसून प्रार्थना यायचीच नाही. तोंडाला शब्द यायला तिला गाडगं वर यावं लागायचं. घाबरली होती ती, फार घाबरली होती. गाडगी भरून येत होती, ती नमो मारिया म्हणत होती आणि मधेच देवाला दटावत होती. "नवरा नेलास तेव्हा मी भांडले नाही. आज भांडणार आहे," असं ती मोठ्यानं म्हणाली. बांधावरच्या बायकांनी ते ऐकलं, म्हणून तर आपल्याला कळलं.

दिवस कलायला लागला आणि रहाटाचा दोर तुटला. करकर बंद पडली. कोंसू गाठ मारायला खाली वाकली.

झालं. वर खिडकीत बस्त्याव होताच. कोंसूचा रहाट, भरदिवसा, पोर आजारी. त्यानं लहान घंटा वाजवली.

गावात एकामागून एक रहाट थांबत गेले. खारोळी अशी गप्प झाली की समुद्र ऐकू यायला लागला. आणि मग त्या शांततेत एकच रहाट पुन्हा सुरू झाला. कोंसूनं गाठ मारली होती.

सगळा गाव तिच्या वाडीत जमला. सुईण म्हातारी बिर्जित चटईशी बसली. पोराचे पाय चोळले, नाकाशी कापसाचं बोंड धरलं. बोंड हललं नाही. तिनं मान खाली घातली आणि पदर तोंडाला लावला. सुतार पेटीच्या मापासाठी वीत टाकून पोराची उंची बघायला लागला.

गास्पार पाटील पुढे झाला. "कोंसूबाय, बैल सोड. घंटा झाली."

"ती बस्त्यावनं वाजवली. मी नाही सांगितलं."

"बिर्जितनं बघितलं ना? पोर गेलं, बाय."

"गेलं असेल तर देव मला सांगेल. अजून माझं बोलणं संपलेलं नाही, आणि कुणी बोलत असताना उठून जायची त्याची रीत नाही."

"हे पाणी मेलेल्याचं आहे. तुझ्या केळीला गाव हात लावणार नाही. विहिरीवर, देवळात, कुणी तुझ्याजवळ उभं राहणार नाही. विचार कर."

कोंसूनं बैलाच्या पाठीवर थाप दिली आणि पुढचा नमो मारिया म्हणाली. पाटील मागे सरला. तो वाईट माणूस नव्हता, त्याचेही डोळे भरले होते.

थोड्या वेळानं बैल बसला. सकाळपासून फिरत होता बिचारा, किती फिरणार? कोंसूनं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. बाईमाणूस ते, एक फेरी ओढली, दुसरी ओढली, तिसरीला पाय घसरायला लागले. एवढ्यात गर्दीतून बस्त्याव आला. दोर तुटल्याचं त्याला आत्ता वाटेत कळलं होतं. तोंड पांढरं पडलेलं. तो जुवाच्या दुसऱ्या बाजूला लागला.

"बाय, मी चुकलो," तो म्हणाला.

"मग ओढ," कोंसू म्हणाली.

दोघांनी ओढलं. ऊन केळीच्या शेंड्यावर गेलं, तिथूनही उतरलं. शेवटी दोघंही गुडघ्यांवर आली, जू खांद्यावरून सुटून मातीत पडलं. आणि असं म्हणतात, रहाट थांबला नाही. बैल बसलेला, माणसं पडलेली आणि गाडगी आपली वर येतायत, पाणी ओततायत, खाली जातायत. सगळा गाव बघत होता. कुणी पापणी हलवली नाही.

तेव्हा चटईवरून आवाज आला. इनास कुशीवर वळून बैलाकडे बघत होता.

"आय," तो म्हणाला, "बैल तर बसलाय. मग रहाट कोण ओढतंय?"

कोंसू गुडघ्यांवरच त्याच्याकडे गेली, त्याला छातीशी धरलं आणि हुंदके देऊन रडली. सकाळपासून रडली नव्हती ती. रहाट हळूहळू मंद झाला आणि आपला आपण थांबला.

वाडी काही जळली नाही. उलट त्या वर्षी कोंसूच्या केळीला असे घड लागले की एकेक न्यायला दोन गडी लागत, असं म्हणतात. हे मला जरा वाढवलेलं वाटतं. केळी पिकवणाऱ्यांच्या तोंडी घड लहान राहतच नाही. आणि लेकराला झालं काय होतं, ते वैद्याला कळलं नाही, पाद्रींना कळलं नाही, आजही कुणाला ठाऊक नाही.

त्यानंतर गावात पोरं गेली नाहीत का? गेली. देवीच्या साथीत पुष्कळ गेली. आया रहाटावर उभ्या राहून बोलल्या आणि तरी गेली. कोंसू प्रत्येकीच्या शेजारी जाऊन बसायची. तुझा विश्वास कमी पडला, असं तिनं कुणालाही कधी म्हटलं नाही, दुसऱ्या कुणाला म्हणूही दिलं नाही. बस्त्याव मात्र बदलला. खिडकीत बसून कान लावणं त्यानं सोडलं. मयत झालं की आधी त्या घरी जायचा, उंबऱ्याबाहेर उभा राहायचा आणि विचारायचा, "बोलणं झालं?" घरचं माणूस "झालं" म्हणेपर्यंत घंटेला हात लावायचा नाही.

कोंसूबाय खूप जगली. ती गेली तेव्हा इनासचे केस पिकले होते आणि घंटा बस्त्यावच्या मुलाकडे आली होती. तो येऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिला, टोपी काढून त्यानं विचारलं. इनास उठला. आंब्याखाली गेला, बैल जोडला आणि रहाट हाकत राहिला. बस्त्यावचा मुलगा उभाच. केळीच्या शेंड्यावरून ऊन उतरलं तेव्हा इनासनं बैल सोडला, पाय धुतले आणि दाराशी आला.

"माझं झालं," तो म्हणाला. "तिचं आता तिथं सुरू झालं असेल."

आता रहाट गेले, विहिरींवर पंप बसले. मयताची घंटा झाली की खारोळीत अजूनही पंप बंद होतात आणि समुद्र ऐकू येतो. पण त्याआधी घंटा वाजवणारा मयताच्या घरी जातो, टोपी काढून उंबऱ्याबाहेर उभा राहतो आणि विचारतो. कुणी लगेच सांगतं, कुणाला संध्याकाळ होते. तो घाई करत नाही. मग घरातलं कुणीतरी बाहेर येतं, इनासचेच शब्द म्हणतं, आणि घंटा होते.