माजघरातला देवदार

तापीच्या काठी आसनखेडे म्हणून एक गाव आहे. उन्हाळ्यात तिथली माती तव्यासारखी तापते. श्रीकेवलनाथ महाराज या गावी राहत होते, त्या काळची ही हकीकत. तरुणपणी महाराजांनी हिमालयात पुष्कळ वर्षे काढली होती. पण तिकडच्या गोष्टी ते क्वचितच बोलत. नदीकडेच्या धर्मशाळेच्या ओट्यावर बसून असत आणि येईल त्याची विचारपूस करीत.

गावात सुपडाबाई नावाची एक विधवा होती. अंबाडीचे दोर वळून ती पोट भरी. तिच्या घराची तुळई वाळवीने आतून पोखरली, एका पावसाळ्यात मातीचे धाबे, म्हणजे सपाट छप्पर, खाली आले आणि त्याखाली तिचा नवरा गेला. तेव्हापासून ती अंगणातल्या निंबाखाली राहत होती. छप्पर डोक्यावर आले की तिचा जीव घाबरा होई.

एक दिवस ती म्हणाली, "महाराज, मला एकच तुळई पाहिजे. जिला वाळवी शिवणार नाही अशी."

महाराज म्हणाले, "बाई, देवदार बघ. त्याचा लाल गाभा वाळवीला कडू लागतो. वरचं पांढरं लाकूड मात्र ती आवडीनं खाते. तेव्हा गाभ्याचं घे, सावलीत वाळू दे, आणि घाई करू नकोस."

तापीकाठी देवदार कुठला यायला! पण योग पाहा. त्याच वर्षी गावच्या जालमसिंग पाटलाने नव्या हवेलीसाठी उत्तरेकडून रेल्वेने देवदाराचे ओंडके आणवले. त्याच्या माणसांनी ते डोंगरातल्या एका देवीच्या राईतून तोडले होते. तिथले लोक हात जोडून आडवे आले. पण कोणी ऐकले नाही.

ओंडके उतरले आणि गावभर गोड, थंड वास पसरला. त्याबरोबर आणखी काही आले. वाऱ्याची झुळूकही नसताना त्या ढिगातून घूंऽऽ असा आवाज येई, दूर कुठे मोठ्या रानात वारा सुटावा तसा. कुत्री त्या बाजूला फिरकेनात. रतन सुताराने ओंडक्याला कान लावला आणि झटकन मागे घेतला.

"पाटील, लाकूड ओलं आहे. आणि ते गप्प नाही. यंदा राहू द्या."

पाटील हसला. "आखाजीच्या सणाला मला हवेलीत राहायला जायचं आहे. आणि ती पांढरी लाकडं लाव, उजळ दिसतात."

तेवढ्यात सुपडाबाई पदर पसरून उभी राहिली. एका ओंडक्यातून सारखी राळ गळत होती. काळा, गाठाळ, जणू रडणारा. पाटलाने तो पायाने तिच्याकडे लोटला.

"घे हे रडकं लाकूड! तुझ्या गोसाव्याकडून त्याचे डोळे पूस. दोर वळणारीला देवदार, म्हणजे चिमणीला पालखीच!"

लोक हसले. सुपडाबाईने मात्र ओंडका धुतला, त्याला हळदकुंकू वाहिले आणि निंबाच्या सावलीत ठेवून म्हणाली, "तुला न विचारता तोडलं गं माय. राग धरू नको."

त्या संध्याकाळी त्याची राळ थांबली.

हवेली उभी राहिली. ओल्या तुळयांवर मातीचे जड धाबे चढले. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी भर दुपारी सुपडाबाईला माजघर सारवायला बोलावले. छपराखाली जायचे म्हणून ती महाराजांचे नाव घेत आत शिरली. पाटलाची नात कस्तुरा तिथेच खेळत होती. भिंतींतून तोच घुमणारा आवाज येत होता. एकाएकी तो थांबला. इतकी शांतता झाली, की पोरीने खेळ टाकला आणि वर पाहिले.

"आजी, वर कोण आहे?"

तुळई कडाडली. चौकटी पिळवटल्या आणि दारे घट्ट बसली. बाहेर पाटील माणसे आणि कुऱ्हाडी घेऊन धावला, "कस्तुरा! कस्तुरा!" म्हणून ओरडू लागला. वरून मातीची धार लागली. सुपडाबाईने पोरीला पोटाशी धरले आणि हाक मारली, "महाराज, धावा!"

आणि काय सांगावे! त्या भट्टीसारख्या दुपारी माजघरात थंडी भरली. तोंडातून वाफ निघू लागली. दार फोडून पाटील आत आला, तो जागीच थिजला. तुळई दुभंगली होती, तरी धाबे खाली आले नव्हते. जमिनीला टेकलेला नाही, मूळ दिसत नाही, असा एक प्रचंड देवदार माजघराच्या मधोमध उभा होता. त्याची ओली साल श्वास घेतल्यासारखी हलत होती आणि फांद्यांतून पांढरे काहीतरी भुरभुरत होते.

सुपडाबाई पोरीला घेऊन त्याला वळसा घालून बाहेर आली. शेवटचा माणूस उंबरठा ओलांडून गेला आणि झाड दिसेनासे झाले. मागोमाग सगळी हवेली बसली.

पाटलाला आपण पायाने लोटलेला ओंडका आठवला; नातीला उचलून तो अनवाणी सुपडाबाईच्या अंगणात धावला, मागोमाग तीही आली. ओंडक्याला टेकून महाराज बसले होते. खांदे सोलवटले होते, त्यांवर राळ चिकटली होती आणि मोठे ओझे उतरवल्यासारखी त्यांना धाप लागली होती.

पाटील म्हणाला, "महाराज... ते झाड..."

"झाड आपण होऊन उभं राहिलं, पाटील. आम्ही नुसता खांदा दिला. या बाईनं त्याची क्षमा मागितली होती. तुम्ही मागितली नाहीत, तरी त्यानं तुमचं लेकरू वाचवलं."

पाटलाने पागोटे काढून महाराजांच्या पायांवर ठेवले. मग तो वळला आणि सुपडाबाईपुढे मातीत डोके टेकून मुलासारखा रडू लागला. "माय, माझ्या हातून पाप झालं!"

सुपडाबाई गोंधळून मागे सरली.

महाराज हळूच म्हणाले, "पाटील, रडणं पुढे होईल. आधी पोरीचे केस पुसा."

पाटलाने कस्तुराच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या केसांत बर्फ वितळत होते.