चिमणीने दाणा खाल्ला का?

बसा बाळांनो, मांडी घालून. गोष्ट मुंगीची आहे, आणि जरा काळजीची आहे.

छोट्या मुंगीचा दाणा हरवला. ज्वारीचा दाणा. टपोरा, पांढरा. तिने एकटीने ओढत आणला होता. काकूच्या ओट्यावर ठेवला. जरा दम खाल्ला. वळून पाहते तर दाणा नाही.

मुंग्यांची एक रीत असते. पुढची जाते तिथे मागची जाते. पुढची म्हणते तेच मागची म्हणते.

म्होरकी मुंगी म्हणाली, "दाणा चिमणीने खाल्ला."

मागची म्हणाली, चिमणीने खाल्ला. तिच्या मागची म्हणाली, चिमणीने खाल्ला. सगळी रांग म्हणाली, चिमणीने खाल्ला.

मग ठरलं. भिंतीवर चढायचं. चिमणीच्या घरट्यात शिरायचं. पिल्लांना चावायचं.

पिल्लं इवली होती. त्यांचे डोळेसुद्धा उघडले नव्हते.

छोटी मुंगी रांगेत सगळ्यात शेवटी. ती म्हणाली, "खाल्ला असेल. नसेलही. कुणी पाहिलं?"

म्होरकी म्हणाली, शेपटाला शहाणपण फुटलं वाटतं. आणि रांग निघाली.

ओट्याला एक फट होती. दाणा तिथे पडला असेल का? छोटी मुंगी आत डोकावली. गुडुप अंधार. वर केळीचं मोठं पान. ऊन आत येईचना.

मुंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"पानदादा, पानदादा,
फटीत काही दिसेना.
बाजूला हो ना."

पान म्हणालं, "वारा हलवेल तर हलेन."

मुंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. वारा घरामागे अडकला होता.

"वारेदादा, वारेदादा,
पान ऊन सोडेना,
फटीत काही दिसेना.
पान हलव ना."

वारा म्हणाला, "दार उघडेल तर येईन."

तिकडे रांग भिंतीला लागली.

मुंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"दारदादा, दारदादा,
वारा पान हलवेना,
पान ऊन सोडेना,
फटीत काही दिसेना.
वाऱ्याला सोड ना."

दार म्हणालं, "काकू उघडेल तर उघडेन."

मुंगी दाराखालून आत गेली. ही काकू गल्लीभर लक्ष ठेवायची. कुणाकडे पाहुणे आले, कुणाच्या आमटीत मीठ जास्त, हिला आधी कळायचं. पण आज काकू जागची हलत नव्हती.

"काकू, काकू,
दार वारा सोडेना,
वारा पान हलवेना,
पान ऊन सोडेना,
फटीत काही दिसेना.
दार उघड ना."

काकूच्या मांडीवर शेजारची नमू झोपली होती. काकू म्हणाली, "नमू उठेल तर मी उठेन."

तिकडे रांग खिडकीपर्यंत चढली.

"नमू, नमू,
काकू दार उघडेना,
दार वारा सोडेना,
वारा पान हलवेना,
पान ऊन सोडेना,
फटीत काही दिसेना.
ऊठ ना."

नमू गाढ झोपलेली. मुंगी चावली असती तर ती लगेच उठली असती. पण नमूने तिचं काय बिघडवलं होतं? मुंगी चावली नाही. नमूच्या अंगठ्यावर चढली. गुदुगुदु, गुदुगुदु.

नमूने डोळे उघडले. मुंगीकडे पाहिलं. मग विचारलं, "फटीत काय?"

असं अजून कुणीच विचारलं नव्हतं.

काकू म्हणाली, "मला काय माहीत, बाई? चल, बघू या."

नमू उठली. काकू उठली. दार उघडलं, करकर. वारा सुटला, सूं सूं. पान हललं, सळसळ. ऊन फटीत उतरलं.

दाणा तिथेच होता. टपोरा, पांढरा.

रांग घरट्याच्या काडीला लागली होती. छोटी मुंगी म्हणाली, "उतरा. येऊन बघा."

रांग थांबली. म्होरकी उतरली. तिने फटीत पाहिलं. मागचीने पाहिलं. तिच्या मागचीने पाहिलं. एकेकीने आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

म्होरकी हळूच म्हणाली, "मी पाहिलं नव्हतं."

वर चिमणी चारा घेऊन आली. पिल्लांनी चोची उघडल्या. चिव चिव. तिला यातलं काहीच कळलं नाही.

काकूने केरसुणीची काडी आत घातली. दाणा वर काढला. छोटीला दिला.

आता छोटी मुंगी रांगेत पुढे. मागे दाणा, मागे सगळ्या. तुरु तुरु, तुरु तुरु. वाटेत म्होरकीने विचारलं, "छोटे, इथून वळायचं का गं?"

छोटी म्हणाली, "मला वाटतं, हो. पण तूही बघ."