कोल्ह्याचे नाव आणि धरणाचे पाणी

नदीकाठच्या जंगलातल्या एका कोल्ह्याला शहराची भाषा येत असे. नुसती येत नसे बरे का, बाळांनो; ती आपल्याला येते हे साऱ्यांना कळावे म्हणून तो जिवाचे रान करी.

धरणातून पाणी सुटणार असले की मोबाइलवर इशारा देणारे एक ॲप त्या जंगलात आले होते. पण मजकूर सगळा शहरी भाषेत! ज्याला जमेल त्याने तो जंगलच्या भाषेत आणावा, अशी सोय ॲपमध्येच होती. जो ज्या ओळीचे भाषांतर करी, त्याचे नाव तिच्याखाली झळके. कोल्ह्याने लगेच स्वागताचे पान धरले. 'सुस्वागतम्' लिहिले, पुसले, 'यावे, यावे' केले. हरणाने भीत भीत 'या, बसा' सुचवले, तर हा हमरीतुमरीवर आला.

कावळा म्हणाला, "कोल्होबा, आत इशाऱ्यांच्या ओळी तशाच पडल्यात. आम्हाला कुणाला ती भाषा येत नाही. तेवढं बघा की!"

"अरे, ते पान उघडतं कोण?" कोल्हा फिस्कारला. "तिथं माझं नाव कुणाला दिसणार?"

पुढे टेकडीवरच्या माकडांनी त्या स्वागताच्या पानाबद्दल कोल्ह्याचा सत्कार ठेवला. हार घालून तो भाषणाला उभा राहिला आणि इकडे नदीकाठी बिळात कोल्हिणीच्या मोबाइलवर शहरी भाषेतली लाल अक्षरे चमकली. नवऱ्याने तिला मोबाइलवर आजवर स्वतःचे कौतुकच दाखवले होते. "बघा रे, बाबांना आणखी काहीतरी मिळालेलं दिसतंय!" असे म्हणून तिने पिल्लांना जवळ घेतले. शेजारची सशीणही अभिनंदन करून गेली. एवढ्यात पाणी बिळात शिरले.

पिल्लांना कसेबसे ओढत कोल्हीण टेकडीवर पोचली. बीळ गेले, साठवलेले सारे वाहून गेले. कुडकुडणारी पिल्ले पाहून कोल्हा भाषण अर्धवट टाकून धावला.

"अगं, इशारा आला नव्हता का?"

"आला होता की! ॲप उघडल्यावर आधी तुमचं नाव आलं, ते वाचलं मी. पण 'पळा' असं कुठं लिहिलं होतं?"

कोल्ह्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्याने हार काढून माकडाच्या हातात दिला, पिल्लांना पोटाशी घेतले आणि इशाऱ्याची पहिली ओळ लिहायला घेतली.

तात्पर्य : चार जणांचे काम हाती घेताना आपले नाव कुठे दिसेल हे पाहू नये, त्यांचे कुठे अडेल ते आधी पाहावे.